पिकअप निघाला अंतरिक्षात

शिरपूर जैनच्या पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला टेकत नाही असं मानतात, म्हणून ते अंतरिक्ष पार्श्वनाथ. देवाचं ठीक आहे हो. पण सोयाबीन निघालं की मालेगाव-रिसोड रस्त्यावरच्या पिकअपांनाही जमीन सोडायची घाई होते. मागे कट्ट्यांची थप्पी एवढी, की गतिरोधक आला की पुढची चाकं टेकू की नको असं करतात. स्टेअरिंग हलकं लागतं. ड्रायव्हर खूश, 'गाडी मख्खन चालते!' मख्खन कसली, पुढच्या चाकांवर वजनच उरलेलं नसतं.

पासिंग दीड-पावणेदोन टनांचं. साठ किलोचे चाळीस कट्टे म्हणजे २४ क्विंटल. उरलेलं कुठे बसतं? कमानीत दोन पाटे जास्तीचे टाकले की बसतं. गाडी मागे वाकत नाही, ताठ दिसते. ब्रेक तेच, टायर तेच, एक्सल तोच. नापासाची गुणपत्रिका लॅमिनेट करून आणावी तसं.

मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ यावर २०१९च्या दुरुस्तीपासून २०,००० रुपये मागतं, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जादा माल उतरवायचा खर्चही आपलाच. २०२५-२६च्या ५,३२८च्या हमीभावाने नुसते ते २०,०००च पावणेचार क्विंटल सोयाबीन झाले. तेही हमीभाव मिळालाच तर! दुसरी खेप वाचवायला सात क्विंटल जास्त भरायचं, त्यातलं निम्म्याहून जास्त दंडात घालायचं. आणि गाडी चालवणाराच नाही, तशी चालवू देणारा मालकही यात येतो, हे मालकांना कुणीतरी सांगा.

तुषार सिंचनाचे पाइप वीस फुटी, डाला त्याच्या जेमतेम निम्मा. मग पाइप केबिनवरून पुढे डोकावतात, मागे फाळक्याबाहेर लोंबतात. माल बॉडीबाहेर गेला की त्याचे २०,००० वेगळे. शेपटाला लाल फडकं हवं म्हणून दुधाची रिकामी पिशवी बांधतात, निळी.

उन्हाने पिंजलेला नायलॉनचा दोर एका हुकापासून निघतो आणि शेवटच्या दोन हुकांआधी संपतो. कट्टे दबले की दोर ढिला पडतो, दोन-चार किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळावा लागतो. थांबतो कोण? दोर पुरला नाही, तर वर एखादं पोरगं बसवायचं. 'धरून बस रे बाबू!' दोराला पैसे पडतात.