तिसरा मालक

तंजावर-कुंभकोणम रस्त्याने जाताना अधूनमधून पत्र्याची एक शेड लागते. शेडपुढे दहा-बारा मोटारसायकली तिरक्या ओळीत उभ्या, सगळ्यांची हँडलं एकाच बाजूला वळलेली आणि वर पाटी : ‘ऑटो कन्सल्टिंग’. जुन्या गाड्यांच्या दुकानाला तमिळनाडूत हेच म्हणतात. सल्ला तिथे भरपूर मिळतो, फुकट मिळतो आणि तो नेहमी एकच असतो : ‘घेऊन टाका सार, अशी वंडी पुन्हा मिळायची नाही.’ वंडी म्हणजे गाडी.

मी तंजावरला आलो तो मोडी कागदांच्या नादाने. कागद वाचायला सरस्वती महाल ग्रंथालय आहे. पण त्या कागदांतून डोकावणारी छत्रं, म्हणजे इथल्या भोसले राजांनी वाटसरूंसाठी बांधलेल्या धर्मशाळा, खेड्यापाड्यांत विखुरलेली. ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्राला बसने जाता येतं. बाकी ठिकाणी बस मोठ्या रस्त्यावर सोडून निघून जाते आणि पुढे उरतात कालवा, बांध, नारळाची झाडं आणि आपण. तेव्हा, ज्या वयात माणसं गाडीची किल्ली मुलाच्या हाती देतात, त्या वयात मी लर्निंग लायसन्स काढलं. गाडी जुनीच घ्यायची हे ठरलेलंच होतं. पहिला ओरखडा आपण काढण्यापेक्षा तो आधीच कुणी काढून ठेवलेला बरा.

आमच्या समोर एक रायर राहतात. इथल्या देशस्थ मराठी मंडळींना गाव रायर म्हणतं. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच; घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यांचं मत पडलं, एक्सएल घ्या. होसूरच्या कारखान्यातून १९८० साली टीव्हीएस ५० निघाली, तिचाच हा वंश. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातलं निम्मं शेत याच मोपेडवरून घरी येतं : पुढे दुधाचे कॅन, मागे गवताचा भारा, मध्ये भाताचं पोतं आणि उरलेल्या जागेत मालक. क्लच नाही, गियर नाही. म्हणजे शिकण्यासारखंच काही नाही, आणि मला तर गियरची हौस. मेकॅनिकच्या पोराने यामाहा आरएक्स १०० सुचवली. ती १९९६ साली बंद झाली आणि तेव्हापासून तिचा भाव चढतोच आहे. तरुण मुलं तिच्याविषयी बोलताना आवाज खाली आणतात. एकाने बुलेटचं नाव काढलं. तेव्हा रायरांच्या घरातून काकू म्हणाल्या, “पडली तर तुमच्याने उचलेल तीच घ्या हो.” गाडी घेण्यासंबंधी इतकं नेमकं वाक्य मी पुढेही कुणाकडून ऐकलं नाही. बुलेट तिथेच बाद झाली आणि गियरची, पण हलकी म्हणून स्प्लेंडर ठरली.

जुनी गाडी पाहायची एक रीत असते. मीटर पाहायचा नाही. तो मालकाला सोयीचं तेच सांगतो. पाहायचं ते फूटरेस्टचं रबर. आमच्या मेकॅनिक अण्णेंनी गाडीकडे न पाहता आधी खाली बसून त्या रबरावर अंगठा फिरवला. डाव्या बाजूच्या रेघा पार पुसलेल्या, गियरचा पाय तिथे टेकून टेकून. “मीटरमध्ये तीस हजार आहे का? रबरात लाखाच्या वर आहे,” एवढंच म्हणाले. मग इंजिन थंड आहे ना, हे हात लावून पाहिलं; विकणारा आधीच गरम करून ठेवतो, म्हणजे पहिल्या किकला सुरू होते. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर ऑइल जळतंय समजायचं. शेवटी त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. कन्सल्टिंगवाला, मी, चहा घेऊन आलेला पोरगा, सगळे गप्प. “चेन गेली आहे. बाकी परवाइल्लै,” अण्णे म्हणाले. म्हणजे चालेल.

भाव मात्र पंचांगाने ठरला. आडी महिना चालू होता, साधारण आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमाराचा. या महिन्यात नवं काही घ्यायला माणसं कचरतात, म्हणून दुकानदार जरा मऊ असतो. पण आडीच्या अठराव्या दिवशी कावेरीची ओटी भरतात, तो दिवस शुभ, आणि त्याला चारच दिवस उरले होते. मी घासाघीस लांबवली असती तर भाव चढला असता. पंधरा हजारांवर तोंडं जुळली. पैसे मोजायला घेतले तर दुकानदाराने हात धरला. भिंतीवरच्या रोजच्या पानाच्या कॅलेंडरवर त्याने बोट ठेवलं : शुक्रवार, साडेदहा ते बारा राहुकाळ. एकेक रुपयासाठी तासभर भांडलेले आम्ही दोघं बारा वाजेपर्यंत शेजारीशेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होतो.

बारानंतर गाडीला चंदन-कुंकू लागलं, हँडलला हार पडला आणि दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं गेलं. मला अजून हाफ क्लच नीट जमत नव्हता. गाडीने एक हिसका दिला, पुढचं लिंबू चिरडलं आणि इंजिन बंद पडलं. मागचं लिंबू मग चौघांनी गाडी ढकलून चिरडलं. दृष्ट निघाली असावी, कारण त्याहून वाईट पुढे काही झालं नाही.

नवशिक्याला हा मुलूख वरवर सोपा वाटतो. डोंगर नाही, घाट नाही. पण कावेरी इथे येऊन इतक्या फाट्यांत फुटते की पाच नद्यांवरून एका गावाला तिरुवैयारू असं नावच पडलं. आणि प्रत्येक नदीला पूल, प्रत्येक पुलाला चढ आणि त्या चढावर समोरून कुंभकोणमची बस. कापणीच्या दिवसांत तर अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं असतं, कडेने दगड मांडून. त्या दाण्यांवर ब्रेक दाबायचा नसतो, हे ज्ञान मला भात वळवणाऱ्या एका आजीने लांबूनच ओरडून दिलं.

खरी गंमत पुढेच. मागच्या मडगार्डवर दोन नावं रंगवलेली होती, एक मुलाचं आणि एक मुलीचं. आधीच्या मालकाची लेकरं. मी ती तशीच ठेवली. आता पापनाशमच्या वाटेवर अनोळखी माणसं हात करतात. चहाच्या टपरीवर गाडी लावली की तिच्याकडे कोऱ्या नजरेने कुणी पाहत नाही, माझ्याकडे पाहतात. एकाने तर मुलीच्या परीक्षेचं विचारलं. चांगले मार्क पडले असतील, असं मी म्हणालो. गाडी इथली होती, तिच्या ओळखी होत्या. मला त्या फुकटात मिळाल्या.

फॉर्म २९, फॉर्म ३० भरून आरसीवर माझं नाव आलं : मालक क्रमांक ३. रायर म्हणाले, “मग काय, या गावात कोण पहिला मालक आहे?” खरंच आहे. राजवाडा मांडला नायकांनी, १६७५च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले आले, त्यांच्या वंशजांनी तो वाढवला. नावबदलाचा फॉर्म कुणी भरला नाही, एवढंच. सरस्वती महालातला ग्रंथसंग्रह नायकांचा, त्याला रूप दिलं भोसल्यांच्या सरफोजीराजांनी, आणि १९१८पासून तो सगळ्यांचा : तिसरा मालक तिथेही आहेच. राजराज चोळाचं मोठं देऊळ १०१० सालचं; पुढे नायकांनी भर घातली, मराठ्यांनी भर घातली. कावेरीवरचा कल्लणैचा बंधारा तर करिकाल चोळाच्या नावावर सांगतात आणि डागडुजी होत होत आजही पाणी वाटतो आहे. या मुलखात वस्तू जुनी होते म्हणून टाकत नाहीत. येणारा माणूस ती चालती ठेवतो आणि आपलं काहीतरी तिच्यावर सोडून जातो.

तेव्हा मीही काहीतरी सोडणं आलं. सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत त्या चोळांच्या देवळाच्या भिंतीवर कोरून घेतला. माझ्या मडगार्डावर तेवढी जागा नाही, आणि आहे ती त्या दोन लेकरांची आहे. मी हॉर्न बदलला.