काकू, पुढचं सांगू का?

‘पंचायत’चा चौथा सीझन आला 24 जून 2025 ला. मुंबईत बसून तारखा ठरवणाऱ्यांना भात लावणी कधी असते हे कोण सांगणार! त्या दिवसांत भोर-वेल्ह्यात पाठ टेकायला सवड नसते, मग सिरीज कधी बघायची? आमच्या शेजारच्या काकू तर माहेरी गेल्या होत्या, तोरण्याच्या पायथ्याला, भावाच्या लावणीला. तिकडे पाऊस असा की लाइट आली तर आली. रेंज हवी असेल तर देवळामागच्या टेकाडावर छत्री घेऊन चढायचं. त्या परत येईपर्यंत मी चारही सीझन संपवून मोकळी. आणि तिथंच पंचाईत झाली.

टीव्हीच्या मालिकांचं बरं असतं. ‘ठरलं तर मग’ सगळ्या आळीत एकाच वेळी लागतं, सकाळी कुंपणापाशी नुसतं “बघितलंस ना?” म्हटलं की पुढचा अर्धा तास सुखात जातो. वेब सिरीजचं तसं नाही. एक जण पहिल्या भागावर, दुसरी शेवटच्या. बोलायची चोरी.

“कुठवर आलात काकू?” मी घेवड्याच्या शेंगा तोडता तोडता विचारलं.

“प्रधानजीला गोळी लागली तिथवर. भाच्यानं शिरवळला कंपनीतनं मोबाइलवर उतरवून आणलं होतं. बरा होतो का गं तो?”

मी शेंगा तोडत राहिले.

“आणि तो प्रल्हाद!” काकू तारेवर हात टेकून उभ्या राहिल्या. “पोरगा गेल्यावर काय बसतो तो नुसता. मला तर त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपल्याकडं पहाटे रस्त्यानं भरतीची पोरं पळतात ना, तेव्हापासनं त्यांच्याकडं बघवत नाही. नट आहे का कोण आहे तो?”

“फैसल मलिक नाव त्याचं.”

“नट वाटतच नाही. नसरापूरच्या बाजारात कांदे निवडताना भेटेल असा आहे.”

यावर आमचं एकमत झालं. पण मला विचाराल तर सगळ्यात भारी सीझन पहिलाच, 2020 चा. पहिल्या भागात घडतं काय? ग्रामपंचायतीच्या कचेरीची किल्ली हरवते. बस. पुढं एका भागात चाकाच्या खुर्चीवरून नवरदेव रुसतो. खेड्यात भांडणं अशाच कारणांवरून होतात, हे कुणालातरी ठाऊक आहे याचंच कौतुक वाटलं होतं. नंतर आमदार आला, बंदूक आली, आणि मजा थोडी पातळ झाली. चौथ्यात तर सगळी निवडणूकच आहे. एकीची निशाणी दुधी, दुसरीची कुकर. एवढं सांगायला हरकत नव्हती, जाहिरातीतच होतं.

“म्हणजे प्रधानजीची मंजूदेवी उभी राहते तर!” काकूंनी बरोबर पकडलं. “ती बाई खरी. माझी भावजय सरपंच होती तेव्हा अगदी हेच. सही तिची, शिक्का दादाच्या खिशात. कुणी कागद घेऊन आलं की ही चुलीपुढनं उठायची, हात पुसायची, दादा बोट दाखवेल तिथं सही करायची, परत चुलीपुढं. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढायची तेवढी हिची.”

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा 2011 पासून बायकांसाठी राखीव आहेत, त्याच्या आधी एक तृतीयांश होत्या. म्हणजे आता तीन दशकं झाली म्हणायची. अशी किती घरं असतील! पहिल्या सीझनच्या शेवटी मंजूदेवी झालेली नीना गुप्ता राष्ट्रगीत पाठ करते, अडखळते, पण म्हणते. त्या प्रसंगाला काकू एकट्याच टाळ्या वाजवत होत्या, कुंपणापलीकडून मला ऐकू आल्या होत्या.

“मग वहिनींनी पुढं शिक्का घेतला का काढून?”

“घेतला की. दादा आजारी पडला तेव्हा. परत दिलाच नाही.” काकू अशा हसल्या की यात माहेरची एकूण तीन भांडणं असावीत. ती मी नंतरसाठी राखून ठेवली.

“पण तो ‘पंचायत’मधला सचिव बाई फारच रिकामा,” काकूंची गाडी पुढं. “आमच्याकडं ग्रामसेवकाकडं दोन-तीन गावं. मंगळवारी इथं, बुधवारी तिथं. हा आपला कचेरीतच झोपतो, उठतो, पाण्याच्या टाकीवर चढून चहा पितो.”

“भोरचे सचिव तर राजवाड्यात राहायचे, काकू.”

“ते पंतसचिव! त्यांचं काय घेऊन बसलीस. आता तिथं शूटिंगवाले राहतात.”

हेही खरं. आमचा राजवाडा पडद्यावर कुणाकुणाचा वाडा होऊन आलाय. ऐतिहासिक काहीही लागलं की आम्ही गोष्ट बघतच नाही. “तो बघ खांब, तो जिना,” यातच अर्धा भाग जातो. नीरेच्या वळणावर, नेकलेस पॉइंटला, गाडी थांबवून हिरो-हिरॉइन उभे राहिले की आमची मुलं त्यांच्याकडं न बघता पाणी किती चढलंय ते बघतात. म्हणून ‘पंचायत’मधलं फुलेरा गाव म्हणायचं बलिया जिल्ह्यातलं आणि शूटिंग केलेलं मध्य प्रदेशात, सिहोरजवळच्या महोडियात, हे कळल्यावर पुण्यातल्या माझ्या नणंदेला फसवल्यासारखं वाटलं. भोरात कुणाला काही वाटलं नाही.

मला वाटतं ते वेगळंच. याच ‘पंचायत’ची तमिळ आवृत्ती 2024 मध्ये आली, ‘थलैवेट्टियान पाळयम’. 2025 मध्ये तेलुगूत आली, ‘सिवरापल्ली’. मराठीचं कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही. गावं आमच्याकडं आहेत, सरपंचपती आहेत, दुधीसुद्धा आहे.

“आणि केली तरी राजगडाकडं करतील,” काकू म्हणाल्या. “आमच्या तोरण्याला कोण विचारतंय.”

हे काकूंचं कायमचं दुखणं. तालुक्याचं वेल्हे नाव बदलून राजगड करायचं ठरलं 2024 मध्ये. 2025 च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात राजगड आहे, तोरणा नाही. स्वराज्याचं तोरण आम्ही बांधायचं आणि मान यांनी घ्यायचा, असं काकू म्हणतात तेव्हा त्या सासरी भोरला आहेत हे त्या विसरतात. मी आठवण करून देत नाही.

विषय बदलावा म्हणून मी ‘समांतर’ काढलं. जुनी आहे, 2020 ची, सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची. काकूंनी ती आत्ता माहेरी बघितली, सुनेच्या मोबाइलमध्ये होती.

“काय बाई ते, एकाचं होऊन गेलेलं आयुष्य दुसऱ्याचं होणार! मला अर्धं कळलंच नाही. पण दोन कृष्ण समोरासमोर बघून डोळे निवले.”

खरंच की. नितीश भारद्वाज म्हणजे चोप्रांच्या ‘महाभारता’तला कृष्ण, आणि स्वप्नील जोशी म्हणजे रामानंद सागरांचा तरुण कृष्ण. मी अख्खी सिरीज बघितली आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काकूंचं असं असतं. गोष्ट सुटते, माणूस सुटत नाही.

“शिव्या नाहीत ना पण त्या ‘मिर्झापूर’सारख्या?” मी विचारलं.

“भाचा बघतो ते कानात घालून. त्याला वाटतं मला कळत नाही. पडद्यावरची तोंडं दिसतात की!”

मग मी म्हटलं, काकू, एक सांगते, तुम्ही ‘मानवत मर्डर्स’ बघू नका. मी तीन भाग बघितलेत आणि रात्री परसात जायला घाबरते. परभणी जिल्ह्यातली, सत्तरच्या दशकातली खरी घडलेली गोष्ट. गुप्तधनासाठी मुलींचे आणि बायकांचे खून. मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी तपासाला गेले होते, ते काम आशुतोष गोवारीकरांनी केलंय, आवाज न चढवता. आणि मकरंद अनासपुरे! त्यांचं तोंड दिसलं की हसायची इतक्या वर्षांची सवय. इथं ते येतात, आपण हसायला तयार होतो, आणि हसू तिथंच थिजतं. घाबरवायला अंधार लागत नाही, ओळखीचा माणूस पुरतो. एवढ्या मालिका बघितल्या, पण एवढा हुशारीनं निवडलेला नट मी बघितला नाही.

“बघितलीय मी,” काकू शांतपणे म्हणाल्या.

“एकट्यानं?”

“भाचा होता ना. आणि मी शेवट आधी विचारून घेते. ‘पंचायत’चापण विचारला, कोण निवडून येतं ते कळलंय मला. म्हणजे निवांत बघता येतं. कीर्तनाला जातो तेव्हा सीता परत येणार की नाही म्हणून कुणी घोर लावून बसतं का?”

म्हणजे इतका वेळ मी जीभ चावत शेंगा तोडत होते ती उगाच!

“तर ऐक,” काकूंनी पदर खोचला आणि अगदी तारेला येऊन भिडल्या, “मानवतात शेवटी होतं काय, तो जो...”

“काकू, माझा कुकर!” असं ओरडून मी घरात पळाले. कुकर लावायचा होता अजून.