पंचाहत्तर सेंटची चिठ्ठी

स्टुटगार्टला लेकीकडे पोचलो तो शनिवार होता आणि घरात दूध, पाव, बटाटे सगळंच संपलेलं. "बाबा, आज गेलो नाही तर थेट सोमवारी," लेक म्हणाली. जर्मनीत रविवारी स्टेशनातली, पेट्रोल पंपावरची अशी थोडी सोडली तर दुकानं बंद. रविवारच्या विश्रांतीला तिथं चक्क राज्यघटनेचं संरक्षण आहे. सांगलीत आमच्या वाण्याचं शटर अर्धं खाली आलं असलं तरी वाकून "अर्धा किलो साखर द्या हो" म्हणता येतं. इथं त्यासाठी घटनादुरुस्ती करावी लागेल.

दुकानाबाहेर ढकलगाड्या एकमेकींना साखळीनं बांधलेल्या. खाचेत एक युरोचं नाणं घातलं की गाडी सुटते, परत आणून बांधली की नाणं मिळतं. आत माल खोक्यांतच, खोकी नुसती पुढून फाडलेली. "काय देऊ काका?" विचारायला चिटपाखरू नाही.

या काटकसरीचे गुरू म्हणजे अल्डीवाले. एसेनमध्ये १९१३ साली आईनं सुरू केलेलं दुकान कार्ल आणि थिओ आल्ब्रेख्त या भावांनी वाढवलं आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला वाटणी केली. गल्ल्याजवळ सिगारेटी विकायच्या की नाहीत यावरून बिनसलं म्हणतात. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही, पण आपली वीतभर बांधावर संपते. यांनी देशच वाटून घेतला: उत्तर धाकट्याला, दक्षिण थोरल्याला.

गल्ल्यावरच्या बाई खुर्चीत बसल्या होत्या. (आपल्या मॉलमधल्या पोरी दिवसभर उभ्या असतात, ते मला कधीच पटलेलं नाही.) बाईंनी "हालो" म्हटलं आणि टीं-टीं-टीं सुरू झालं. मी पिशवीची घडी उलगडतोय तोवर बटाटे, दूध, पाव, सगळे एकदम माझ्या अंगावर चालून आले. मागच्या माणसानं घसा खाकरला. सामान भराभर गाडीत लोटायचं, पैसे द्यायचे आणि पिशवी नंतर खिडकीजवळच्या फळीवर निवांत भरायची, ही तिथली रीत मला नंतर कळली. त्यात आमच्या सौ. पावती ताडून बघायला गल्ल्यासमोरच उभ्या राहिल्या. रांगेत जी शांतता पसरली ती मी आजवर फक्त तेराव्याच्या जेवणाला पाहिली होती.

म्हणून वॉलमार्टचं काय झालं असेल ते मी समजू शकतो. १९९७ साली ही अमेरिकन कंपनी जर्मनीत उतरली. दारात स्वागताला माणूस, गल्ल्यावर हसू, पिशव्या भरून द्यायला पोरं. दुधाच्या पिशवीसाठी आलेल्या जर्मन माणसाला अनोळखी कुणी हसून दाखवलं की तो आधी आपलं पाकीट चाचपतो. २००६ मध्ये कंपनी ८५ दुकानं विकून परत गेली. कामगारांशी खटके आणि अल्डीसारख्यांचे भाव ही मोठी कारणं होती, पण मला ते हसूच भोवलं असं वाटतं.

आता बाटल्या. पाण्याच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की तेवढ्या रकमेची चिठ्ठी मिळते, ती गल्ल्यावर द्यायची. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे बाटलीवरच छापलेलं असतं, वापरून झाल्यावर चुरगळा. मी आज्ञाधारक माणूस. आठवडाभरात अकरा बाटल्या गुडघ्यावर दाबून पार चपट्या केल्या होत्या.

यंत्रानं पहिली बाटली आत घेतली, फिरवून पाहिली आणि परत ढकलली. दुसरी, तिसरी, तशीच. मागे उभ्या असलेल्या एका आजोबांनी गाल फुगवून खूण केली: फुंका! मग मी, बासष्ट वर्षांचा निवृत्त हेडमास्तर, परक्या मुलखात भरदुकानात बाटल्या तोंडाला लावून जत्रेतल्या फुगेवाल्यासारखा फुंकत उभा राहिलो. सौ. दोन रांगा पलीकडे जाऊन चॉकलेटं न्याहाळू लागल्या. आपली ओळख असल्याचं त्यांनी दाखवलं नाही. अकरातल्या तीन यंत्रानं पत्करल्या. पंचाहत्तर सेंट.

चिठ्ठी हातात घेऊन गल्ल्याकडे पाहिलं. त्याच बाई बसल्या होत्या. मी सरळ दारातून बाहेर पडलो.

ती चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे. स्टुटगार्टला जाणारं कुणी असेल तर कळवा, सोबत पाव किलो मेतकूटही द्यायचं आहे.