कोयीची बाजू

हापूस चोखून झाल्यावर त्याची कोय परसात पुरणारा माणूस आशावादी असतो. त्याची सगळी भिस्त 'खाण तशी माती' या म्हणीवर असते आणि आंब्याला मराठी म्हणी येत नाहीत. हापूसच्या कोयीत गर्भ एकच, तोही परागीकरणातून आलेला. आई हापूस, हे पेटीवर छापलेलं असतं. बाप कोण, हे मोहरावर बसून गेलेल्या माशीलाच ठाऊक. त्यामुळे उगवतं ते रायवळ: गोड, आंबट, चोथट, काहीही. या बेभरवशावर उतारा म्हणून पोर्तुगीज अमदानीत गोव्यात कलमं बांधली जाऊ लागली आणि कोयीची पत घसरली ती घसरलीच. हा अन्याय आहे, असं माझं म्हणणं. कोय कलम कसं बांधतात ते पाहा. पावसाळ्याच्या तोंडाशी रायवळच्या कोयी रुजत घालतात. तांबूस कोवळी पानं फुटतात न फुटतात तोच शेंडा छाटतात, चीर देऊन तीत हापूसची काडी बसवतात आणि पट्टीने आवळतात. पुढे जन्मभर मुळं रायवळची, नाव हापूसचं. सांध्याखालून रायवळने एखादा फुटवा काढलाच, तर तोही खुडायचा. भाडेकरूने घरमालकाला खिडकीतून डोकावूही देऊ नये, तसला हा प्रकार.

यावर आक्षेप ठरलेला: कलम ४-५ वर्षांत धरतं, कोयीचं झाड ८-१० वर्षं घेतं, एवढं थांबून आंबट निघालं तर? बागायतदाराच्या तोंडी हा आक्षेप शोभतो. कर्जाचे हप्ते माशीच्या मर्जीवर फिटत नाहीत. पण आंबट निघालं तर गोव्यात त्याचं सासव होतं, कोकणात रायतं, आणि या दोन्हींत हापूस घालणं हा गुन्हाच. शिवाय कलमाला नवं काही सुचत नाही. सगळे हापूस म्हणजे मुळात एकाच झाडाच्या फांद्या. हवामाती वेगळी धरूनही देवगड-रत्नागिरीचा वाद हे झाडाचं स्वतःशीच भांडण आहे. गर आतून स्पंजासारखा करणारा साक्याचा दोषही मग या अख्ख्या गोतावळ्याला. त्यातून वाट निघाली ती वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात, नीलम आणि हापूस यांचं रीतसर लग्न लावून आणि त्या लग्नाची कोय रुजवून. १९८१ साली आलेल्या 'रत्ना'त साका नाही. रत्नाचीही पुढे कलमंच बांधली ना, असं कोणी विचारेल. बांधली, पण आधी कोय रुजली म्हणून बांधायला काडी मिळाली. हापूसचं पहिलं झाडही कोयीतूनच आलं असणार, आणि त्याला फळ धरेपर्यंत त्याच्या मालकाला शेजारी हसलेही असणार.