कारंजा ते मेडशी, व्हाया फुफाटा

पुण्याच्या सोसायट्यांमध्ये हल्ली कोंबडा आरवत नाही, ब्लोअर आरवतो. रखवालदार यंत्र पाठीला अडकवतो, 'ए' विंगपुढची पाने 'बी' विंगपुढे हाकलतो आणि चहाला जातो. तोवर 'बी' विंगचा माणूस ड्युटीवर आलेला असतो. पाने तीच, दिशा दुसरी. अशाच एका सोसायटीतला जावई कानांना सुट्टी म्हणून ऐन फाल्गुनात सासुरवाडीला, कारंजा लाडला निघाला. नृसिंह सरस्वतींचे जन्मगाव, जवळ काळविटांचे सोहोळ अभयारण्य. इथे आवाज कोण करणार?

साळा.

वऱ्हाडात मार्च लागला की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. साळ्याने ऑनलाइन मागवलेला हातातला ब्लोअर पाहुण्यांच्या पुढ्यातच चालवायचा म्हणून जपून ठेवला होता. "पाहाच तुम्ही जवाईबापू, फडकंच लागत नाही." त्याने कूलरच्या ताटीवर नळी रोखली. वर्षाची माती, कोळ्याची जाळी, मागच्या उन्हाळ्यातले कुजके गवत आणि कुठल्याशा लग्नपत्रिकेचा अर्धा गणपती एका दमात उडाला. कूलर लख्ख झाला. बाकी सगळे भिंतीपलीकडे, बाजेवर वाळत घातलेल्या उडदाच्या पापडांवर जाऊन बसले.

"काहो भाऊ, कूलर तुमचा अन् माती माह्या पापडाले?"

"वाराच तसा सुटला ना काकू!" साळा म्हणाला. वारा त्याच्या हातात अजून घरघरत होता.

दुसऱ्या दिवशी दोघे बसने निघाले. मंगरुळपीरच्या स्टँडजवळ एका दुकानदाराने फळ्यांवरची धूळ ब्लोअरने रस्त्यापार उडवली. समोर आलूबोंडे तळणाऱ्याकडेही तसलेच यंत्र. त्याने ते भट्टीत निखारे फुलवायला घातले आणि राख दुकानात पाठवून हिशेब चुकता केला. दोघांचेही दार स्वच्छ होते. मधून जाणाऱ्या लोकांचे काय, हा प्रश्न त्या धंद्यात बसत नसावा.

पुढे मार्चअखेर भेटला, म्हणजे रस्त्याचे काम. डांबर ओतण्याआधी पृष्ठभागावर धूळ राहिली तर नवा थर जुन्याला धरत नाही, म्हणून रस्ता झाडून, वर हवेच्या झोताने फुंकून काढतात. काम अगदी शास्त्रशुद्ध. फक्त झोत सुरू व्हायला आणि बस शेजारी यायला एकच मुहूर्त लागला. "खिडक्या लावा!" कंडक्टर ओरडला. "लागत असत्या तं लावल्या नसत्या काय?" मागून उत्तर आले. फुफाटा बसला तेव्हा बसमधले सगळे प्रवासी एका रंगाचे झाले होते.

त्या धुळीतच शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याशी ओळख झाली. बाहेर हरभऱ्याची मळणी चालू होती; यंत्राचा पंखा कुटार एकीकडे फेकत होता, दाणे दुसरीकडे पडत होते. पूर्वी वाऱ्याची वाट पाहत खळ्यावर उफणणी करावी लागे, आता वारा यंत्रातच असतो, असे ते सांगत होते. जावयाने त्यांना पुण्यातल्या पाने उडवणाऱ्या यंत्राची कथा ऐकवली.

"मंग दाने कुठं पडतात?"

"दाणे नसतात, बाबा."

"मंग उफनता काय?"

पुण्याच्या एकाही सर्वसाधारण सभेत हा प्रश्न आजवर आलेला नाही.

वाशिमला चहा घेताना जावयाने कायदा काढला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. पेट्रोलवरचा ब्लोअर ५० फुटांवरूनही ६५-७५ पर्यंत जातो, आणि दर दहा डेसिबलमागे ध्वनीची ऊर्जा दसपट होते. शेजारच्या वॉशिंग सेंटरवर ब्लोअरने मोटारसायकल वाळवणे चालले होते, त्यामुळे साळ्याने कानामागे हात धरून "काय म्हनले?" एवढेच विचारले. मग जावई अमेरिकेत शिरला. कॅलिफोर्नियातल्या कार्मेल गावाने १९७५ मध्येच पाने उडवणाऱ्या यंत्रांवर बंदी घातली. वॉशिंग्टन शहरात २०२२ पासून पेट्रोलवरचे ब्लोअर बंद. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा हिशेब तर असा, की असा ब्लोअर तासभर चालवला तर धुरके करणारे जेवढे प्रदूषण होते, तेवढे व्हायला मोटार सुमारे १,१०० मैल चालवावी लागते. म्हणजे वाशिमहून मुंबई, मुंबईहून वाशिम आणि पुन्हा मुंबई.

"तिसऱ्यांदा कायले जायचं पन?" साळ्याने विचारले. हे मात्र त्याला स्वच्छ ऐकू आले होते.

अकोल्याच्या वाटेवर मालेगाव, मेडशी मागे पडले की डोंगर आणि सागाचे जंगल लागते. अकोला आणि वाशिम अशा दोन जिल्ह्यांत पसरलेले काटेपूर्णा अभयारण्य याच अंगाला. १५ फेब्रुवारीपासून राज्यात वणव्याचा हंगाम धरतात. सागाची वाळकी पाने गुडघ्याएवढी साचतात, मोहफुले वेचायला सोपी जावीत म्हणून कुणी झाडाखालचा पाचोळा पेटवतो आणि आग धावत सुटते. ती अडवायला जंगलात जाळरेषा काढतात, आणि तिथला पाचोळा उडवून पट्टा मोकळा ठेवायला वनमजूर पाठीवर 'फायर ब्लोअर' घेऊन फिरतात. जमिनीलगतची लहान आगही याच झोताने जळालेल्या भागाकडे मागे लोटून विझवतात. इतक्या फुंकाफुंकीनंतर पानांसाठी बनलेले यंत्र अखेर पानांच्या उपयोगाला आलेले दिसले. जावयाने आवाजाबद्दल चकार शब्द काढला नाही.

साळा मात्र बसमधून उतरून एका वनमजुराच्या यंत्राभोवती फेऱ्या मारत होता. शेवटी न राहवून त्याने मजुराला विचारलेच, "याच्यानं कूलर साफ होईन काय हो?"

मजुराने यंत्र बंद केले, घाम पुसला. "होईन ना भाऊ. पन मंग कूलर शोधाले जा लागन."