डावा हात जरा मागे

आमच्या सोसायटीत मोटरसायकली एकमेकींना खेटून, साइड स्टँडवर डावीकडे कलून उभ्या असतात. उजव्या टोकाच्या गाडीला कुणी धक्का दिला की उरलेल्या ओळीनं आडव्या होतात. हा पहिला धक्का कुणाचा, हे सोसायटीच्या इतिहासात आजवर सिद्ध झालेलं नाही. वॉचमन म्हणतो, मांजर होतं. असेल. ते मांजर बहुधा कार रिव्हर्स घेत होतं.

गाडी डावीकडे पडली की खाली लेगगार्ड आणि वर हँडलचं टोक, एवढ्या दोनच ठिकाणी तिचा भार येतो. टाकी वाचते. इंडिकेटरचं नशिबावर असतं. क्लचची लिव्हर वाकते नाहीतर मोडते आणि हँडलची डावी बाजू बोटभर मागे येते. बोटभरच. दुरून पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही, पण बसल्याबरोबर कळतं: डावा हात पोटाजवळ, उजवा लांब.

सुरुवातीला माणूस वैतागतो. रविवारी बघू, म्हणतो. रविवार येतात आणि जातात, आणि त्यांच्याबरोबर वैतागही कधीतरी निघून जातो. डावा खांदा आपणहून मागे आणि खाली गेलेला असतो, मान किंचित उजवीकडे फिरलेली असते आणि रस्ता पुन्हा सरळ दिसायला लागलेला असतो. शरीर हे फार तडजोडवादी प्रकरण आहे. मालकाला न विचारता ते वाकड्याशी परस्पर समझोता करून टाकतं. माझ्याही शरीरानं तो केला होता. मग मुलानं गाडी नेली, परत आणून लावली आणि म्हणाला, "बाबा, हँडल वाकडंय. तुम्ही हे रोज चालवता?" त्याच्या आवाजात काळजी होती की कीव, ते मी विचारलं नाही.

वाकडं हँडल वाकडं असतंच असं नाही, हे या प्रकरणातलं पहिलं कोडं. कधी हँडल निर्दोष असतं आणि खालचे शॉकअप त्यांना धरणाऱ्या टीमध्ये पिळलेले असतात. तेव्हा टीचे बोल्ट सैल करायचे, गाडीच्या तोंडासमोर उभं राहायचं, न्हावी जावळ काढताना पोराचं डोकं धरतो तसं पुढचं चाक गुडघ्यांत धरायचं आणि हँडलला एक झटका द्यायचा. गॅरेजवाले हे करताना गाडीकडे बघतही नाहीत. तोंडानं दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलत असतात. माझ्या गाडीला हा प्रयोग झाला. चाक सरळ, टी सरळ, हँडल वाकडं ते वाकडंच. ते काढून डायनिंग टेबलाच्या काचेवर ठेवलं, तर तीन ठिकाणी टेकायचं ते दोनच ठिकाणी टेकून डुलायला लागलं. काचेपुढे कुणाची लबाडी चालत नाही. "तिथे आम्ही जेवतो," एवढंच घरातून ऐकू आलं.

आता हे सरळही करता येतं. प्रत्येक गॅरेजात एक लांब लोखंडी पाइप असतो, तो हँडलवर चढवून ओढला की झालं. पण जो पाइप एकदा वाकला आणि त्याच जागी उलटा वाकवला, त्याची ती जागा दुबळी होते, आणि दुबळी झाल्याचं वरून दिसत नाही. पोलादी हँडल असेल तर निदान कामापुरतं निभावेल. ॲल्युमिनियमच्या हँडलला तर हातही लावू नये. ते आत तडकतं आणि मोडायला नेमका ऐन घाटातला मुहूर्त शोधतं.

पुण्यात दुचाकीचा कुठलाही अवयव हवा असला की माणूस नाना पेठेत जातो. तिथल्या काउंटरवर गाडीचं नाव आणि मॉडेल सांगितलं की माणूस वरच्या फळीकडे न बघताच हात घालतो. माझ्यापुढे मात्र त्यानं एक प्रश्न टाकला.

"ओरिजनल देऊ, का चांगलं देऊ?"

घरातून मी ओरिजनल आणायला निघालो होतो. पण या प्रश्नानंतर ओरिजनल मागायचं धाडस किती जणांना होईल? त्यानं काउंटरवर हँडलं मांडली. चपटी, उंच, मागे वळलेली, काळी, चकचकीत. साध्या गाडीच्या हँडलचा पाइप सात सुती, म्हणजे 22.2 मिलिमीटर. मोठ्या क्रूझरचा बरेचदा आठ सुती, पुरा इंच. आणि हल्लीची जाडजूड ॲल्युमिनियमची हँडलं मधोमध नऊ सुती, 28.6 मिलिमीटर, पण टोकाकडे निमुळती होत पुन्हा सातवर येतात. कारण ग्रिप, लिव्हर, स्विचचे डबे हे सगळे सातच्याच मापाचे. चाकणच्या कारखान्यांत मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतात, जपानी लोक तर त्याहून काटेकोर, पण हात जिथे धरायचा ती जागा अजून इंचाच्या आठव्या भागांत अडकून बसली आहे. मला हे का कुणास ठाऊक, बरं वाटलं.

हँडलाच्या उंचीवरून माणसाचं वय सांगता येतं, असं माझं मत आहे. लंडनमध्ये 1938 साली सुरू झालेल्या एस कॅफेबाहेर पुढे साठच्या दशकात जी पोरं जमत, त्यांची हँडलं इतकी खाली असत की हनुवटी टाकीला टेकावी. अमेरिकेत उलटा प्रकार. 1969 च्या 'ईझी रायडर' सिनेमात हँडलं आभाळाकडे निघालेली. आमच्या पिढीला 1985 साली आलेल्या आरएक्स हंड्रेडनं बिघडवलं आणि त्या वयात आम्ही हँडलवर ओणवे होऊन वाऱ्याला तोंड देत असू. तरुणपणी माणूस हँडलकडे झुकतो. पन्नाशीनंतर हँडलनं दोन पावलं आपल्याकडे यावं, असं त्याच्या कमरेला वाटायला लागतं. मी मूळच्यापेक्षा दोन बोटं उंच आणि जरा मागे वळलेलं, असं काळं पोलादी हँडल घेतलं. त्याहून उंच घ्यायची इच्छा झाली नाही असं नाही, पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ तपशिलात परस्पर फेरफार करू देत नाही. शिवाय या वयात चौकात हवालदारापुढे हात वर करून थांबणं बरं दिसत नाही.

हँडल बदलायचं म्हणजे वरचे चार बोल्ट काढायचे, एवढीच कल्पना असते. ते चार बोल्ट हा सगळ्यात सोपा भाग. हँडलावर एक अख्खं बिऱ्हाड असतं: दोन ग्रिपा, दोन लिव्हर, दोन स्विचचे डबे, आरसे, क्लचची वायर, ॲक्सिलेटरची वायर आणि उजवीकडे डिस्क ब्रेकच्या ऑइलची डबी. या डबीशी सभ्यपणे वागावं. तिचा पाइप सोडवायचा नाही. आख्खी काढून दोरीनं सरळ उभी टांगून ठेवायची. आडवी झाली तर पाइपात हवा शिरते आणि ब्रेक स्पंजासारखा लागतो. शिवाय ते ऑइल सांडलं तर टाकीचा रंग खातं. म्हणून टाकीवर जुनी सतरंजी. ग्रिपेखाली स्क्रू ड्रायव्हर सरकवून साबणाचं पाणी सोडलं की ती निसटते. नवी चढवताना गॅरेजवाले पेट्रोल लावतात. घरी मुलीचा हेअर स्प्रे चालतो. ओला असेपर्यंत ग्रिप सरकते, वाळला की गच्च धरते. केसांवर तो नेमकं काय करतो, हे मला तेव्हा प्रथम समजलं.

पार्किंगमध्ये गाडी उघडून बसलं की माणूस सार्वजनिक मालमत्ता होतो. "काय, खोलली वाटतं?" हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो आणि उत्तर दिसत असूनही थांबतो. कुणाच्या मेहुण्याचं असंच झालेलं असतं. कुणी नुसतंच "गॅरेजला नाही दिलीत?" म्हणून पुढे जातो, आणि त्या वाक्यात माझ्या पगारापासून स्वभावापर्यंत सगळं आलेलं असतं.

तळमजल्यावरचे काका मात्र थांबले ते बसलेच. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी स्विचचा डबा उघडून आतला तांदळाएवढा खुंट दाखवला. तो हँडलाच्या भोकात बसतो म्हणून डबा जागचा फिरत नाही. नव्या हँडलाला भोकच नव्हतं.

"कानशीनं खुंट घासून टाकू का?" मी विचारलं.

"घास की. मग ॲक्सिलेटर पिळायच्या वेळी डबा गरगर फिरेल, तेव्हा मला आठव."

त्यांनी जुन्या हँडलाच्या टोकापासून कागदाची पट्टी गुंडाळली, भोकावर पेन्सिलीनं टोचलं, पट्टी तशीच नव्या हँडलावर चढवली. खिशातून व्हर्निअर निघालं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी खिशात व्हर्निअर! सेंटर पंचावर हातोडीचा एकच ठोका, तेलाचा थेंब, आणि ड्रिल इतकं सावकाश की काळ्या रंगाखालून लोखंडाचा चकचकीत कीस गोल गोल वळत बाहेर येताना दिसत होता. भोकाच्या कडेवरून त्यांनी करंगळी फिरवली, भुवई उडवली, आणि कानस मागितली. बघणारे एव्हाना गप्प झाले होते.

बोल्ट आवळताना पुन्हा थांबवलं. वरच्या पकडीवर एक बारीक ठिपका कोरलेला होता. "ठिपका पुढे. पुढचे बोल्ट आधी पूर्ण, मग मागचे. ज्यानं ठिपका केला, त्याला काहीतरी सांगायचं असणार ना?" आणि मग, "बस! आटे ॲल्युमिनियमचे आहेत. जोर दाखवायला जिम आहे."

शेवटी इंजिन चालू करून, न्यूट्रलमध्ये हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून पाहायचं. वळवताना गाडी आपणहून रेस होत असेल तर वायर ताणली जातेय. आमचं डावीकडे ठीक होतं, उजवीकडे इंजिनाचा सूर चढला. वायर टीच्या दुसऱ्या बाजूनं फिरवल्यावर उतरला.

मी चक्कर मारून आलो. हँडल गुळगुळीत, सरळ, काचेवर ठेवून तपासलेलं, आणि मला ते साफ वाकडं वाटत होतं. डावा हात भलताच पुढे गेल्यासारखा, गाडी उजवीकडे ओढल्यासारखी. विमान उडवण्याआधी सायकलींचं दुकान चालवणारा विल्बर राइट सायकलवाल्यांना विचारायचा, डावीकडे वळताना तुम्ही काय करता? बहुतेक जण सांगत, हँडल डावीकडे वळवतो. प्रत्यक्षात सगळे आधी ते किंचित उजवीकडे ढकलत, गाडी डावीकडे कलवत आणि मग वळत. हात जे करतात त्याचा मालकाला पत्ता नसतो. मोटरसायकलवरही वेग घेतला की हेच, आणि माझ्या हातांनी तर वाकड्या हँडलाचा जुना करार अजून मोडलेला नव्हता. काकांना सांगितलं, वाकडं वाटतंय. ते हँडलाकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, "वाकलेलं काय आहे ते मोजलंय आपण."

संध्याकाळी बायकोला मागे बसवून मंडईपर्यंत गेलो. कंबर खूश होती, खांदे सरळ होते, मी जवळजवळ रुबाबात होतो. तिची मात्र चुळबुळ चालली होती.

"अहो, तुम्ही असे ताठ बसलात की मला पुढचं काही दिसत नाही."

इतकी वर्षं सिग्नल, खड्डा, अंगावर येणारा टेम्पो आणि आपली गल्ली मागे पडल्याची बातमी मला डाव्या कानात मिळत आली. डावा खांदा वाकड्या हँडलानं खाली नेला तेव्हापासून तर ती खिडकीच झाली होती. आता ती बंद.

"मग पुन्हा वाकवून आणू?"

"हँडल राहू दे. मागच्या सीटला फोम वाढवून घ्या. दोन इंच."

रात्री जिन्यात काका भेटले, त्यांना सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "रविवारी सकाळी सीट काढून ठेव. दहाचा पाना असेल ना?"