खरा चोर पावती देतो

नागपूरच्या नंदनवनात सध्या चोरावरून दोन तट पडले आहेत. कारण तसं किरकोळ. आमच्या लेआउटमधून एका आठवड्यात गटारावरचं लोखंडी झाकण, कुणाच्या तरी नळाच्या मीटरचं पितळ आणि समोरच्या भाऊंच्या स्कूटरची बॅटरी गेली. पहिला तट म्हणतो, सापडला की खांबाला बांधा. दुसऱ्या तटात एकटे गुरुजी आहेत. संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, "तुम्ही ज्याला चोर म्हणून राहिले, तो चोरच नाही बाप्पा! चोराची काही पात्रता असते. उद्या फुंकणी फुंकणाऱ्याला सनईवाला म्हणाल."

गुरुजींचा आदर्श म्हणजे 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातला चोर शर्विलक. बाप चार वेद जाणणारा, कुणाकडून दान न घेणारा. बापाने जे घेतलं नाही ते मुलाने न विचारता घेतलं, एवढाच पिढीचा फरक. चारुदत्ताच्या भिंतीपाशी आल्यावर शर्विलक आधी कार्तिकेयाला नमस्कार करतो, मग भिंत तपासतो. भाजक्या विटा असतील तर ओढून काढायच्या, कच्च्या असतील तर कापायच्या, माती असेल तर भिजवायची, लाकूड असेल तर चिरायचं. मग भोकाचा आकार. कमळ पाडावं, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक की पूर्णकुंभ? पक्क्या विटेला पूर्णकुंभ शोभेल, असं ठरतं. आणि ऐन वेळी लक्षात येतं की मापाची दोरी घरीच राहिली! मग पठ्ठ्या जानव्यानेच माप घेतो, आणि वर जानव्याचे फायदेही सांगतो: भिंत मोजता येते, दागिन्यांचे फासे सोडवता येतात, दार उघडता येतं, साप चावला तर बोट बांधता येतं. जानव्यावर इतकं व्यवहारी प्रवचन मी कुठल्याही मुंजीत ऐकलेलं नाही.

घरमालकही त्याच तोलाचा. सकाळी उठून चारुदत्त आधी भोकाचं कौतुक करतो, मग एवढी मेहनत करून बिचारा रिकाम्या हाताने गेला असेल म्हणून हळहळतो. दागिने गेल्याचं कळतं तेव्हा कुठे त्याच्या जिवाला बरं वाटतं. आमच्याकडे "अज्ञात चोरट्याने कडीकोयंडा तोडून मुद्देमाल लंपास केला" एवढ्यावर बातमी आटोपते. कोयंडा कसा तोडला, हात कसा होता, कुणी विचारत नाही. उत्तेजनाच्या अभावी कला मरते ती अशी.

गुरुजींना पॅरिसचं उदाहरण दिलं. १९ ऑक्टोबर २०२५ला दिवसाढवळ्या चौघांच्या टोळीने सामान चढवायची शिडीगाडी लावून लूव्र संग्रहालय फोडलं आणि आठ मिनिटांच्या आत ८.८ कोटी युरोंचे राजदागिने घेऊन बाहेर. गुरुजी बधले नाहीत. "पळताना सम्राज्ञीचा मुकुट खाली पाडला. हेल्मेट मागे टाकून गेले. काहून? माप घेतलं नव्हतं!" हेल्मेटचं ऐकून बाकीचे मात्र प्रभावित झाले. जगनाडे चौकात पोलीस उभा असला तरी आपली पोरं जे घालत नाहीत, ते तिकडे चोर घालतात.

चार्ल्स शोभराजचं नाव निघालं, पण तो खुनी. १९८६ साली मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंड्यांनी त्याला गोव्यात पर्वरीच्या एका हॉटेलात जेवणाच्या टेबलावरच धरला. त्या हॉटेलात पुढे पुतळा बसवला, तोही शोभराजचा. झेंडे साहेबांनी बिल भरलं असतं तर कदाचित विचार झाला असता.

गुरुजी जरा विरघळले ते अब्दुल करीम तेलगीपाशी. खानापूरच्या स्टेशनावर फळं-शेंगा विकणारा हा माणूस. त्याने कुणाची भिंत फोडली नाही, कुणाचा खिसा कापला नाही. बनावट मुद्रांक छापले, ऑफिसं थाटली, विकायला माणसं ठेवली, आणि मोठमोठ्या कंपन्या त्याच्याकडून माल विकत घेत राहिल्या. चोराने लोकांच्या घरी जायचं ही जुनी रीत. इथे लोक पैसे घेऊन चोराच्या दारी. २००७ साली न्यायालयाने त्याला ३० वर्षांची सक्तमजुरी आणि २०२ कोटींचा दंड सुनावला. "प्रथम श्रेणी होती," गुरुजी म्हणाले, "पण सापडला. मार्क कापावे लागतात."

इथे माझं आणि गुरुजींचं फाटतं. सापडणं न सापडणं हा भुरट्यांचा हिशेब आहे. खऱ्या चोराला लपावंच लागत नाही. कायदाही त्याच्याच बाजूने आहे, वाचून बघा. चोरी फक्त जंगम वस्तूची होते. जमिनीला चिकटलेली वस्तू जमिनीपासून सुटी केल्याशिवाय चोरीला जाऊ शकत नाही. म्हणजे कन्हानच्या पात्रातून टिप्परभर रेती उचलली तर ती चोरी. अख्खा प्लॉट गिळला तर नाही. त्याला फसवणूक म्हणा, अतिक्रमण म्हणा, चोरी म्हणायची सोय नाही. खरबी-वाठोड्याकडे एकच प्लॉट चौघांना विकणारा, चौघांनाही विसारपत्र देणारा, वर "कागदपत्रं होऊन जातील, काळजी करू नका काकाजी" म्हणून चहा पाजणारा जो सद्गृहस्थ असतो, त्याला चोर म्हटलं तर बदनामीचा दावा तोच ठोकेल. आणि झाकणवाल्याचं काय? नव्या न्याय संहितेत कलम ३०३ खाली पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने पाच हजारांच्या आतला माल परत केला, तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे. म्हणजे ज्या गटाराचं झाकण नेलं, तेच गटार साफ करायचं. प्लॉटवाला समाजसेवा आधीपासूनच करतो. चौकातल्या बॅनरवर फोटोखाली तसं लिहिलेलं असतं.

पण या सगळ्यांचा गुरू नागपूरने १८५४ सालीच पाहिला आहे. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३मध्ये निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसीने कडीकोयंडा तोडला नाही, रात्रीची वाट पाहिली नाही. दत्तक मान्य नाही, असं कागदावर लिहिलं आणि राज्य खिशात घातलं. स्थावर मालमत्ता, तेव्हा चोरी नव्हेच! मग जंगम काढलं. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात कवडीमोलाने फुंकले. सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, असं भोसल्यांच्या म्हाताऱ्या राणी बांकाबाईंनी बजावलं, हे इंग्रज इतिहासकार के यानेच लिहून ठेवलंय. सामान हलवलं. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेलं. प्रत्येक वस्तूची यादी, प्रत्येक बोलीची नोंद, प्रत्येक गिऱ्हाइकाला पावती. दरोड्याला कायद्याने निदान पाच माणसं लागतात. इथे एक गव्हर्नर जनरल आणि एक कारकून पुरला.

त्याआधी १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरही लूट झालीच होती. पहिल्या रघुजींची तलवार त्याच सुमारास गेली असावी, असं सांगतात. सरळ फिरंगी पातं, त्यावर सोन्याने देवनागरीत मालकाचं नाव. म्हणजे चोरीचा माल ओळखायला पंचाचीसुद्धा गरज नाही. हीच तलवार एप्रिल २०२५मध्ये लंडनला सोदबीजच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र सरकारने काय करावं? फिर्याद? पंचनामा? सरकारने बोली लावली. खर्च ४७ लाख १५ हजार. ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत आली, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मालकाचं नाव कोरलेली वस्तू मालकालाच विकून दाखवणं, आणि विकत घेणाऱ्याने विजयोत्सव करणं, याच्या पुढे शर्विलकाचा पूर्णकुंभ म्हणजे शाळेतलं हस्तकलेचं काम. गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जानवंसुद्धा लागलं नाही बघा."

समोरच्या भाऊंनी हे मनावर घेतलं. त्यांनी भंगारवाल्यांकडे चकरा मारल्या, आपली बॅटरी खुणेवरून ओळखली आणि घासाघीस करून विकत आणली. तक्रार काऊन नाही केली, विचारलं तर म्हणतात, "सरकारनं केली का?"

सीताबर्डीवर लिलाव झाला त्याच वर्षी, म्हणजे १८५४तच, हिमालयात एक थंड हवेचं गाव वसवलं गेलं आणि त्याला डलहौसी नाव पडलं. मे महिन्यात आमचं नागपूर ४५ अंशांवर गेलं की नंदनवनातली कुटुंबंच्या कुटुंबं आगाऊ पैसे भरून तिकडे जातात, त्या नावाच्या पाटीखाली स्वेटर घालून फोटो काढतात आणि लगेच लेआउटच्या ग्रुपवर टाकतात. झाकणवाल्यालाही तेवढंच हवं असतं. बंद घर कोणतं, हे त्याला आता शोधावं लागत नाही. पोलीस दर उन्हाळ्यात सूचना देतात, गावाला जाताना दागिने बँकेत ठेवा. कुठल्या बँकेत, ते मात्र सांगत नाहीत.